मॅगझिनमध्ये कुठला व्हॉल्व टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. जपानात एअरसॉफ्ट (म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ) खेळणारं मराठी माणूस भेटलं की चहा यायच्या आत प्रश्न येतो: "ताई, माझं गॅसचं पिस्तूल पहिले सात-आठ छर्रे झोकात मारतं आणि मग मरगळतं. मॅगझिनमध्ये कुठला व्हॉल्व टाकू?" (मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची पेटी, छर्रे आणि गॅस तिच्यातच. व्हॉल्व म्हणजे तिच्यातून गॅस सोडणारी झडप.)

माझं उत्तर मामाच्या बादलीपासून सुरू होतं. मामा नाशिकला लग्नाच्या पंगतींचा आचारी. डिसेंबरच्या पहाटे दोन मोठ्या शेगड्या एकाच सिलेंडरवर लावल्या की तासाभरात सिलेंडरला बाहेरून घाम फुटायचा आणि ज्योत बसायची. आत गॅस शिल्लक असायचा, हलवला की डुचमळायचा. मग मामा सिलेंडर कोमट पाण्याच्या बादलीत उभा करायचा आणि ज्योत पुन्हा उसळायची. (घरी करून बघू नका. मामाचंही मी समर्थन करत नाही.)

मॅगझिन म्हणजे तोच सिलेंडर, फक्त मुठीत मावणारा. आत द्रवरूप गॅस असतो. इथे वर्षानुवर्षं एचएफसी-134ए वापरला जातो, म्हणजे गाड्यांच्या एसीत असायचा तोच. चाप ओढला की थोडी वाफ बाहेर जाते आणि तिची जागा भरायला आतला द्रव उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो मॅगझिनच्या धातूकडून घेतो. धातू गार पडला की वाफेचा दाब उतरतो. हवेचा दाब धरून मोजलं तर 30 अंशाला हा गॅस सुमारे 7.7 बार (बार हे दाबाचं माप) देतो आणि 10 अंशाला जेमतेम 4.1. पिस्तुलाची सगळी मरगळ या दोन आकड्यांच्या मधे आहे.

मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर हिशोब केला. मॅगझिनमध्ये 8 ग्रॅम गॅस बसला आणि त्यावर साधारण 45 छर्रे गेले, म्हणजे छर्ऱ्यामागे 0.18 ग्रॅम. तेवढा गॅस उकळायला 32-33 जूल लागतात. छर्ऱ्याच्या अंगात मात्र पाऊण जूलसुद्धा नसतो! बाकीचं सगळं स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, नाचात आणि हवेत. मॅगझिन पाव किलो जस्ताच्या मिश्रधातूचं, ते एक अंश गार व्हायला शंभरेक जूल जावे लागतात. म्हणजे तीन छर्ऱ्यांना एक अंश. पंचवीस छर्रे सलग मारले तर आठ अंश उतरले. तुमचं पिस्तूल बिघडलेलं नाही, त्याला थंडी वाजतेय.

आता बघा, जास्त तोंड उघडणारा व्हॉल्व काय करतो? एका फटक्यात जास्त गॅस सोडतो, म्हणजे मॅगझिन आणखी लवकर गारठवतो. पहिले पाच छर्रे बघून माणूस खूश होतो आणि पंधराव्याला पुन्हा मला मेसेज करतो. थंडीत सावकाश, अंतर ठेवून एकेक मारणाऱ्याला या व्हॉल्वचा उपयोग होतो, हे मान्य. उन्हाळ्यात मात्र तो गॅस उधळतो, आणि जपानात त्याहून मोठी भानगड आहे. 2006 साली इथला शस्त्रकायदा बदलला. सहा मिलिमीटरच्या छर्ऱ्याला 0.98 जूलची मर्यादा आली, म्हणजे 0.2 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 99 मीटरपर्यंत. त्यावर गेलेलं पिस्तूल नुसतं बाळगणंही गुन्हा. जानेवारीत बसवलेल्या व्हॉल्वने येणारा जूलचा आकडा ऑगस्टच्या 35 अंशांत पुन्हा मोजलात का, असं मी विचारते तेव्हा बहुतेक जण चहाकडे बघतात.

मग करायचं काय? आधी गळती शोधा. सायकलचं पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, तसं गॅस भरलेलं मॅगझिन पाण्यात धरा. बुडबुडे बहुधा तीन जागी दिसतात: भरायच्या व्हॉल्वपाशी, सोडायच्या व्हॉल्वपाशी, नाहीतर तळाच्या पॅकिंगपाशी. उघडायच्या आधी गॅस पूर्ण सोडा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. ओ-रिंग (व्हॉल्वभोवतीची रबरी कडी) बदला, सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्या आणि व्हॉल्व त्याच्या खाचांच्या चावीने हलक्या हाताने बसवा. मी पहिल्यांदा नळ आवळावा तसा आवळला होता. रिंग कापली गेली आणि रात्रभरात मॅगझिन रिकामं. त्यानंतर शहाणपणा म्हणून गंजावर मारायचा स्प्रे मारला, तर वरचं रबरी तोंड फुगून बसलं. तो खर्च माझ्याच नावावर.

हे वरचं रबरी तोंड फार कुणी बघत नाही. मॅगझिनमधून पिस्तुलात गॅस जातो तो इथून. ते चेपलं किंवा कडक झालं की प्रत्येक छर्ऱ्यामागे थोडा गॅस बाजूने निसटतो. व्हॉल्वच्या किमतीच्या मानाने ते किरकोळ असतं. माझ्या जुन्या ग्लॉक पिस्तुलाला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला, आणि ते बदलायला मी दोन वर्षं लावली.

भरतानाही चूक होते. मॅगझिन उलटं, त्यावर गॅसचा डबा उलटा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काठोकाठ भरलं की वाफेला जागाच उरत नाही आणि पहिल्याच चापाला पांढरा फवारा उडतो. इथली पोरं त्याला नामागासु म्हणतात, कच्चा गॅस. कच्च्या गॅसने छर्रा ढकलला जात नाही, नुसतं पिस्तूल गारठतं. म्हणून काट्यावर ठेवून थोडं कमीच भरा.

ॲल्युमिनियमचं महागडं मॅगझिन घेऊ का, हेही विचारता. ते हलकं असतं आणि हाताची ऊब लवकर आत नेतं. पण तेवढ्याच आकाराच्या जस्ताइतकी उष्णता ते साठवत नाही, किंचित कमीच. कमरेला चार मॅगझिनं लावून दिवसभर पळणार असाल तर घ्या. स्प्रिंगा आणि रंगीत तळपट्ट्या यांबद्दल मला विचारू नका.

थंडीत मी दोन मॅगझिनं आलटून पालटून वापरते. एक पिस्तुलात, दुसरं जाकिटाच्या आतल्या खिशात काइरोशेजारी. काइरो म्हणजे हलवलं की गरम होणारी ती पुडी. मधे कापड मात्र हवंच. हीटरसमोर किंवा गाडीच्या काचेखाली मॅगझिन ठेवायचं नाही. 40 अंशाला आतला दाब दहा बारवर जातो, 60 ला सोळाच्या पुढे. गॅसच्या डब्यावरही 40 अंशांचा इशारा छापलेला असतोच.

हे सगळं मी एकदा व्हिडिओ कॉलवर मामाला समजावून सांगितलं. आकड्यांसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बादली ने की ग सोबत."

व्हॉल्व माझ्याकडेही आहे. ड्रॉवरमध्ये, पाकिटासकट. कुणाला हवा असेल तर टोकियोतल्या निशी-कासाई स्टेशनला येऊन घेऊन जा.