एक ते नऊमधला माझा आकडा

स्तनाच्या कॅन्सरची केमो सुरू व्हायच्या आधी समुपदेशक ताईंनी एक फॉर्म पुढे ठेवला. मला वाटलं, परत वय, पत्ता, शुगर-बीपी. निघालं भलतंच. मळमळ सोसणं, डॉक्टरांना प्रश्न विचारणं, मनातलं वाईटसाईट बोलून दाखवणं, कामधंदा चालू ठेवणं, अशी ३३ वाक्यं आणि प्रत्येकापुढे १ ते ९ आकडे. १ म्हणजे अजिबात भरवसा नाही, ९ म्हणजे पक्का भरवसा.

"मावशी, आधी केलंय का ते नाही विचारत. वेळ आली तर जमेल असं किती वाटतंय, तेवढंच सांगा." ताई इंग्रजी कागद बघून मराठीत सांगत होत्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस मर्लुझी यांची ही ‘कॅन्सर बिहेवियर इन्व्हेंटरी’ नावाची प्रश्नावली १९९७ मध्ये पहिल्यांदा छापून आली. तिच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा विचार आहे: जमेल असं वाटलं तरच माणूस कामाला हात घालतो.

कामापुढे मी बेधडक ९ ला गोल केला. सोलापूरच्या बाळीवेशीत वीस वर्षं कडक भाकरी करून विकते. गड्ड्याच्या जत्रेत तर मान वर करायला फुरसत नसते. डॉक्टरांना विचारण्यापुढे मात्र २. आत गेलं की माझी जीभच उचलत नाही, जे बोलायचं ते आमचे हे बोलतात.

ताई त्या २ वरच थांबल्या. "पुढच्या वेळी तीनच प्रश्न लिहून आणा." ऑर्डरच्या वहीचं पान फाडून लिहिलं. पहिलाच प्रश्न, रात्री ताप आला तर काय करू? डॉक्टरांनी त्याच पानावर लिहून दिलं: १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं. एवढं महत्त्वाचं, आणि मी विचारणारच नव्हते! पुढच्या फॉर्मवर तिथं ६ आला.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झाल्यावर बोटं बधिर झाली. तव्याचा चटका कळला नाही, फोड आल्यावर कळलं. ९ खोडून ४ करताना रडू फुटलं. ताई म्हणाल्या, "हे परीक्षेचे मार्क नाहीत, मावशी. कुठं आधार द्यायचा ते यातून कळतं."

आता पीठ मी मळते, भाकरी मी थापते, तव्याजवळ सून बसते. शेवटच्या फॉर्मवर त्या ओळीपुढे ७ लिहिला. कशानं वाढला, ताईंनी विचारलं.

म्हटलं, सुनेचे हात धरून मोजलंय.