नाशिकहून एएफएमसीच्या मुलाखतीला: लेकीसोबतचे दोन दिवस

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या मार्कांवर होतो, त्यामुळे "डॉक्टरकीला मुलाखत कसली?" असं शेजारणींनी विचारलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय, याला अपवाद. तिथे नीट ही फक्त पहिली पायरी. एमसीसीच्या, म्हणजे देशपातळीवरचे वैद्यकीय प्रवेश बघणाऱ्या समितीच्या, साइटवर एएफएमसीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं तेवढंच राहून गेलं आणि वर्ष हातचं गेलं.

लेकीला बोलावणं आलं आणि घरात लगीनघाई सुरू झाली. कॉलेज रोडच्या एका क्लासने 'मुलाखतीची तयारी' म्हणून छापील उत्तरांचा गठ्ठा दिला. 'तुम्हाला सैन्यात का यायचंय?' याचं उत्तर पाऊण पान, त्यात 'राष्ट्रसेवा' पाच वेळा. तिने ते घडाघडा पाठ केलं. मग गल्लीतल्या निवृत्त सुभेदारकाकांनी तिला ओट्यावर बसवून विचारलं, "हे तू बोलतेस की कागद बोलतोय?" पोरगी रडकुंडीला आली. त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी रोज संध्याकाळी फक्त गप्पा मारल्या: कांद्याचे भाव का पडतात, 2027च्या कुंभमेळ्यात साथ पसरू नये म्हणून तू काय करशील, तोफखान्याचं केंद्र नाशिकरोडलाच का असेल. पैसे भरून घेतलेल्या गठ्ठ्यापेक्षा ओट्यावरच्या या फुकटच्या गप्पाच कामी आल्या.

प्रवासाचं म्हणाल तर आदल्या दिवशीच निघा. नाशिक-पुणे 210 किलोमीटरच्या आसपास. नाशिकरोडहून सकाळी एसटी पकडली, संगमनेरपर्यंत मजेत गेलो, नारायणगावला चहा घेतला आणि चाकणला अडकलो तो दीड तास. त्याच दिवशी हजर व्हायचं असतं तर माझंच बीपी तपासावं लागलं असतं. वाकडेवाडीला उतरून रिक्षाने फातिमानगरला मावसबहिणीकडे गेलो. कॉलेज तिथून जवळ, सोलापूर रस्त्याला, वानवडीत. राहण्याची सोय शक्यतो त्याच बाजूला बघा.

काळे बूट मात्र नवे घेऊ नका. आम्ही घेतले. सकाळी सातला तिच्या दोन्ही टाचांना बँडेज पट्ट्या लावत बसले होते मी. मूळ कागदपत्रं, त्यांच्या झेरॉक्स आणि फोटो एकाच फाइलमध्ये, पत्रकात दिलेल्या क्रमाने लावून ठेवा. तिचा फोन मी माझ्याकडेच ठेवून घेतला.

आधी लेखी असते: इंग्रजी आणि तर्कबुद्धीचे 40 प्रश्न, 80 मार्क, वेळ अर्धाच तास, आणि चुकलं की अर्धा मार्क कापतात. शिवाय मानसशास्त्रीय चाचणी. मुलाखत 50 मार्कांची. मुलींसाठी जागा 30, त्यामुळे एकेका मार्काला भाव असतो.

ती आत होती तेवढ्यात मी शिंदे छत्री पाहून आले. महादजी शिंद्यांची समाधी, सुंदर आणि शांत. नुसतं गेटवर ताटकळत बसण्यापेक्षा बरं.

आत काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. पाठ केलेला प्रश्न आलाच नाही. "पुढे सात वर्षं नोकरीचं बंधन आहे, घरी बोललीस का?" असं विचारलं. ती म्हणाली, "हो सर. बाबा लगेच हो म्हणाले, आई दोन दिवस बोलली नाही." सगळे हसले म्हणे. (खरं आहे ते. तीन दिवस नव्हते बोलले.) मग एका मॅडमनी विचारलं, "तू देवळालीजवळची. तुझ्या गावाने इंग्रजीला एक शब्द दिलाय, माहीत आहे?" हिने क्षणभर आठवून बघितलं आणि सरळ सांगितलं, "नाही मॅडम, मला माहीत नाही." त्यांनीच मग सांगितलं: नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, त्यात डोकं फिरायचं, म्हणून 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप! "मग त्यावर तू डॉक्टर म्हणून काय केलं असतंस?" यावर मात्र ती पाच मिनिटं बोलली. काम नसलेल्या माणसाचं काय होतं हे तिने आजोबांच्या निवृत्तीनंतर घरातच पाहिलंय. हे उत्तर कुठल्या गठ्ठ्यात मिळणार?

एक सांगायचं राहिलं: निवड झाली तर सैन्याची वैद्यकीय तपासणी होते. कानातला मळ, किडलेले दात, चष्म्याचा नंबर हे सगळं आपल्या डॉक्टरांकडून आधीच बघून घ्या. आम्हाला हे परत येताना बसमध्ये शेजारच्या पालकांनी सांगितलं.

यादी अजून लागायची आहे. राज्याच्या सीईटी सेलचे पर्यायही भरून ठेवलेत. तुम्हीही ठेवा, एकाच्या नादात दुसरीकडची तारीख हुकते. बूट धाकट्याला होतील म्हणून माळ्यावर टाकलेत.