माग बंद पडलाय काय रे?

रात्रीचे सव्वादोन. झोप नाही.

संध्याकाळी अक्कांना त्यांनीच गायलेलं गाणं ऐकवायला गेलो होतो. शुक्रवारी अल्बम येणार, आठ गाणी, पाच पाहुणे गायक, सगळ्यांनी आधी ऐकावं असं मनात होतं. अक्का सुपात तेंदूची पानं कापत बसल्या होत्या. हेडफोन मीच त्यांच्या कानावर ठेवला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. कात्री मधेच थांबली होती. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "माग बंद पडलाय काय रे?"

एवढंच. आवडलं नाही असंही म्हणाल्या नाहीत.

तीन वर्षं घातली मी या आठ गाण्यांत. लग्नातल्या साउंडचे पैसे, झोप, सगळं. आणि लोक ऐकतील ते गायकांना. संगीत कुणाचं हे बघायला कोण खाली जातं? अप्पांनी तर अजून एकही गाणं ऐकलेलं नाही. असो.

पण तो प्रश्न जाईना.

स्टुडिओतल्या खोलीत अक्कांचा गळाच लागेना. कानात क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, वाजली की थांबायच्या. म्हणून माइक घेऊन त्यांच्याच घरी गेलो. पलीकडच्या भिंतीआड टॉवेलचे माग, दोन्ही पाळ्या चालू. बिडी वळता वळता तेलुगूत त्या काय सुंदर गायल्या! घरी येऊन मी मागाची खडखड काढत बसलो, चार रात्री. नॉइज काढावा तसा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा, मग त्यावर रिव्हर्बचा घुमारा. वर बाकीचा ट्रॅक मिनिटाला 120 ठोक्यांवर, म्हणून अक्कांनाही ओढून 120 वर बसवलं. 'कच्चं वाटायला नको' एवढंच डोक्यात. पुण्याच्या ताईंनी घरून पाठवलेला आवाज किती स्वच्छ होता... तेही जाऊ दे.

आता मूळ फाइल उघडलीय. मागाचे ठोके मोजले. मिनिटाला साधारण 118. आणि अक्का नेमक्या त्याच ठोक्यावर आहेत, धोटा जिथं पलीकडं आपटतो तिथंच त्यांची सम. क्लिक त्यांना हवीच कशाला होती? त्यांची क्लिक भिंतीपलीकडं होती. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात मी त्यांना सात ठोके पुढं पळवलं आणि ज्याच्या आधारानं त्या गात होत्या तेच पुसून टाकलं. सोलापूरच्या पूर्व भागात माग गप्प झाला की पहिला विचार येतो तो लाइट गेली की मालकानं काम थांबवलं, हा. हे मला कळायला नको? मी मागाच्याच घरात वाढलो. लहानपणी लाइट गेली की त्या शांततेनंच जाग यायची.

गाणी वितरणाला गेलीत. 'फीचरिंग'च्या रकान्यात अक्कांचं नाव बिडी कामगाराच्या ओळखपत्रावर आहे तसंच, पूर्ण लिहिलंय. ते एक बरोबर केलं.

सकाळी मेल करून हे एक गाणं मागे घेतो. शुक्रवारी सातच येतील. येऊ देत. वाईट वाटतंय, पण मघापेक्षा कमी.

118 वर नवीन प्रोजेक्ट उघडला. ढोलकी काढली, बेस ठेवला. पहिले आठ ठोके नुसता माग, मग अक्का. दुसऱ्या कडव्याआधी त्या एकदा खोकतात, तेही राहू दिलं.

उद्या हेडफोन नेत नाही. स्पीकर नेतो.