बट मोगऱ्याची वाटणी

मे महिन्यात झाड हलवायचं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर 'नाही' असतं. अकोल्यात पारा 44-45 वर गेला की आम्ही नर्सरीवाले आहे ती रोपं जगवण्यातच गुंतलेले असतो. विक्री जवळजवळ बंद. जे येतात ते 'पटकन सावली देणारं झाड' मागतात, भर उन्हात नेऊन लावतात आणि पुढच्या आठवड्यात 'तुमचं झाड मेलं' हे सांगायला तेवढे न चुकता येतात.

तरीही यंदा एका काकूंना मी हो म्हटलं.

जठारपेठेच्या बाजूला जुनी वस्ती आहे, तिथलं घर. बिल्डरला दिलेलं, सोमवारी जेसीबी येणार. अंगणात बट मोगऱ्याचं झुडूप, काकूंच्या संसाराइतकं जुनं. पुण्याहून आलेल्या मुलाने फोन हातात घेऊन मला सांगितलं, "मॅडम, शंभर रुपयांना मिळतो ना मोगरा? आईला जरा समजवा." समजवायला म्हणून गेले आणि झुडूप पाहून काम घेऊन आले.

मोगरा या एका नावावर बाजारात काय काय खपतं ते ग्राहकाला कळत नाही, आणि विकणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही कळत नाही. हा खरा भरगच्च होता. कोणी याला बट म्हणतं, कोणी हजारी. फूल लहान गुलाबाएवढं, पाकळ्यांत पाकळ्या, पूर्ण उमललं तरी मधला भाग दिसत नाही. साध्या मोगऱ्याला पेरावर समोरासमोर दोन पानं असतात, याला तीन-तीन. फांद्या ताठ, फुटवा कमी, वाढ इतकी सावकाश की पिशव्यांची जागा अडवून ठेवतो, म्हणून नर्सरीला परवडत नाही. साधा मोगरा पावसाळ्यात मातीत खोचला तरी धरतो, हा तिथेही नखरे करतो. आणि याला बी धरत नाही. गावात तो जिथे कुठे असेल तिथे कोणीतरी कोणाला तरी फांदी दिलेली असते, दुसरा मार्गच नाही.

काकूंच्या झुडपाची पानं मात्र काळपट हिरवी होती. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मोगरा हमखास पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्यावर युरिया टाकतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही, युरियाने काय होणार? मी विचारलं तर काकू सहज म्हणाल्या, "हिराकस मारतो मी, पानाईवर." हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, पानांवाटे लोह देणारं. लिटरला पाच ग्रॅम, हे आम्ही विद्यापीठात पाठ केलं होतं, त्या चिमटीने घेत होत्या. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, संक्रांतीच्या आत छाटणी, मग आळ्यात शेणखत आणि उन्हं चढू लागली की पाणी. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे हे सगळं थंडीत झालं तरच मार्च ते जून कळ्या. उन्हाळ्यात पानांच्या मागून पाण्याचा फवारा, म्हणजे लाल कोळी बसत नाही. आमच्याकडे दर महिन्याला औषधांच्या बाटल्या नेणाऱ्या गिऱ्हाइकांची झाडं मी पाहिली आहेत.

काळ्या मातीत खोदायचं तर वाफसा साधावा लागतो. कोरडी माती दगडासारखी, पहार उडते. ओली असेल तर फावड्याला चिकटते आणि मुळांभोवतीच्या मातीची हुंडी बांधताना गाळ होऊन गळून पडते. म्हणून शुक्रवारीच आळं भरून पाणी सोडायला सांगितलं. नळाला पाणी त्या दिवशी नव्हतं. महानच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात किती दिवसाआड येतं ते अकोलेकरांना सांगायला नको. काकूंनी पिपातलं, प्यायचं सोडून उरलेलं सगळं झुडपाला घातलं.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही पोचलो: मी, दोन पोरं आणि आमचे मामा. मामा म्हणजे आमच्या नर्सरीतले सगळ्यात जुने माळी. अकोल्यातल्या कुठल्या अंगणात काय लावलंय आणि कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, दोन्ही त्यांना तोंडपाठ.

आधी झुडूप गुडघ्याइतकं कापलं. कळ्या सगळ्या काढल्या, पानंही बहुतेक काढली. मुळं तुटली की झाडाला पाणी कमी मिळणार, मग वरचा खर्च कमी करायलाच हवा. हे मालकांना पटवणं सगळ्यात अवघड असतं. लोकांना झाड फुलांसकट दुसरीकडे न्यायचं असतं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. परात घेऊन बसल्या आणि कापलेल्या फांद्यांवरच्या कळ्या एकेक खुडून घेतल्या. मग भोवती चर मारला. जाड मुळं पहारीने तोडली तर ठेचतात, म्हणून सिकेटरने आणि करवतीने सरळ काप. खालून गोणपाट सरकवायचं, सुतळीने आवळत जायचं, मगच बूड सोडवायचं. पोरांपैकी एकाने बुंध्याला धरून हुंडी उचलायला हात घातला तेव्हा मामांनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण हुंडी फुटली नाही. मेच्या मध्यावर, काळ्या मातीत, एवढ्या जुन्या झुडपाची. हे मी दहा जणांना सांगितलंय, इथेही सांगते.

तोपर्यंत अंगणात गर्दी झाली होती. काकूंनी गल्लीला सांगून ठेवलं होतं की बाकीची बाग ज्याला हवी त्याने न्यावी. सीताफळाच्या सावलीतले मे फ्लॉवर ऐन फुलात होते, पानांच्या आधी नुसते लाल चेंडू. त्यांचे कंद मी वाटले, त्यात काही धोका नाही. कंदात साठा असतो, फूल वाळलं तरी पावसाळ्यात पानं येतात. ऑफिस टाइमची तर बोटभर फांदी वाळूत खोचली की झालं. सदाफुलीची रोपं फरशीच्या फटीतून उगवलेली, ती पोरांनी खरवडून दिली. इथवर ठीक होतं. पण फुकट म्हटलं की माणसं बदलतात. एक गृहस्थ कारच्या डिकीत कुंड्या भरत होते, झाड कुठलं ते न बघता. एका बाईंनी तोवर कापायची राहिलेली मोगऱ्याची फांदी हाताने ओढली आणि सालीची वीतभर पट्टी सोलून निघाली. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "एवढं काय, झाडच तर आहे."

मी मग काकूंना विचारलं, "हा मोगरा याआधी कोणाला दिलाय का?" मनात हिशेब होता. हलवलेलं झुडूप मेलं आणि कटिंगही गेली, तर परत आणायला एक तरी झाड गावात असलेलं बरं. काकूंनी बोटांवर मोजत यादी केली. समोरच्यांना दिला होता, त्यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले. एका मास्तरीणबाईंना, त्या नागपूरला गेल्या. मागच्या वाड्यात होता, तिथे आता पार्किंग. कोपऱ्यावरच्यांचा बोअरच्या खाऱ्या पाण्याने गेला. चाळीसेक वर्षं वाटलेलं झाड, आणि गल्लीत एकही नाही.

मामा हुंडीला गाठ मारता मारता म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत आहे ना. तुमच्या जाऊबाईकडे."

काकू परातीतल्या कळ्या चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो माह्या झाडाचा नाई. तिच्या घरचं पान बी नको मले."

त्या संध्याकाळी मी त्या जाऊबाईंकडे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. झुडूप तिथेही जुनं, भिंतीला टेकून वाढलेलं, छाटणी वर्षानुवर्षं नाही, पानं पिवळी. पण पेरावर तीन-तीन पानं, तीच ताठ फांदी, तेच फूल. मला विचाराल तर झाड एकच. जाऊबाईंनी आधी चहा दिला आणि मग ऐकवलं, "सासूबाईनं मले देला होता हा. तिनं इथूनच फांदी नेली. आता सांगते परतवाड्याहून माहेरचा आणला म्हणून." काकूंची गोष्ट मी सकाळीच ऐकली होती: लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात परतवाड्याहून, ओल्या टॉवेलात गुंडाळून, एसटीने. कोण खरं बोलतंय हे झाडावरून ठरवायचा काहीच उपाय नाही. फांदीपासून केलेलं झाड मूळ झाडापेक्षा वेगळं असतच नाही. दोन्हीकडे जायच्या आधी हे झाड आणखी कुठल्या अंगणात होतं कोण जाणे. घराच्या वाटणीत यांचं बोलणं बंद झालं, एवढं मामांकडून कळलं.

मी दाब कलमासाठी परवानगी मागितली. "तुह्या नर्सरीसाठी घे खुशाल," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी नको. तिले पाह्यजे असन तर तिनं यावं मांगाले. दहा देतो." मी खालच्या फांद्यांना पेराखाली चीर दिली, त्या जमिनीत दाबल्या, वर वीट ठेवली. दाब कलमाचं बरं असतं. मुळं धरेपर्यंत फांदी आईचंच पाणी पिते, मे महिन्याचं तिला काही वाटत नाही. फक्त ती जागा ओली राहायला हवी, आणि ते काम जाऊबाईंनी कुरकुर न करता अंगावर घेतलं.

काकूंच्या कटिंगचं मात्र वेगळं झालं. वीतभर कांडी, तीन पेरं, पानं निम्मी कापलेली, टोकाला रूटिंग पावडर, वाळू आणि कोकोपीट, वर प्लॅस्टिक. नर्सरीत हिरव्या नेटखालीही दुपारी चाळीसच्या वर जातं आणि प्लॅस्टिकच्या आत कांड्या शिजतात. म्हणून थर्माकोलच्या पेट्या घरी आणून कूलरच्या खोलीत ठेवल्या. आमच्या कोरड्या हवेत तेवढी एक खोली दमट असते. नवरा पंधरा दिवस भिंतीला चिकटून झोपला. बऱ्याच कांड्या बुडापासून काळ्या पडल्या. काही हिरव्या राहिल्या, त्यांच्या टोकाला गाठ आली, गाठीतून मूळ काही फुटलं नाही आणि जूनच्या अखेरीस त्याही गेल्या.

झुडूप नर्सरीत आहे. गड्ड्याला पाणी बेताने, फांद्यांवर फवारा दिवसातून अनेकदा. खत अजिबात नाही, मुळंच नसतील तर खत खाणार कोण? एक बाजू वाळली. दुसरीकडून पहिल्या पावसानंतर बुडातून कोंब आलेत, बारीक आहेत पण रंग चांगला आहे.

काकू आता तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाल्कनीत. हे झुडूप तिथे जाणार नाही, त्यांना कुंडीत मावेल असं रोप हवंय. दर आठवड्याला फोन येतो: "माह्या झाडाचं झालं का वं काई?" आत्ता कोंबांची कटिंग केली तर झुडपाला परत फुटायची ताकद राहील का, याची मला खात्री नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणावं तर काकू पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

जाऊबाईंकडची दाब कलमं भादव्यापर्यंत सुटी होतील. त्या दिवशी वीट उचलून बोटाने माती सरकवली, पांढरी मुळं दिसली. मामांचं म्हणणं साधं आहे: त्यातलं एक कुंडीत लावा, काकूंना द्या, काही बोलू नका. झाड तेच, फूल तेच, म्हातारी खूश. मुलगाही फोनवर तेच म्हणाला. मला ते पटतं, आणि तरी देववणार नाही असंही वाटतं. जाऊबाईंना दिलेला शब्द आहेच, पण काकूंनी 'नको' म्हणून सांगितलंय ते जास्त टोचतं. वाटतं, एकदा सरळ सांगून पाहावं की तिकडचं तयार आहे, मागायला चला, मी सोबत येते. फोनवर दोनदा तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात त्यांनी बाल्कनीतल्या उन्हाचं विचारलं आणि मी हिराकसवर बोलत बसले.

तोवर पिशव्या भरून ठेवल्या आहेत. तिकडची कलमं आली की लाल ऑइलपेंटची खूण, काकूंच्या झुडपाचं काही निघालं तर पांढरी. एकदा मिसळली तर मलाही ओळखू येणार नाहीत. मामांनी डबे उघडलेले पाहिले आणि म्हणाले, "रंग फुकट घालवून राहिली तू."