भाकरीची नोंदणी आणि सासऱ्यांचं वीजबिल

माझं माहेर मंगळवेढ्याचं. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या भाकरीची चव कळायला आम्हाला कधी कागद लागला नव्हता. कागद लागला तो पुण्यात भाकऱ्या विकायला काढल्यावर.

2023 साल, सगळीकडे भरडधान्यांचा गाजावाजा. दळण, गिऱ्हाइकं, डबे, सगळं महिन्याभरात जमलं. खाद्यपदार्थ विकायला लागते ती सरकारी अन्न नोंदणी, तिचा फॉर्मही ऑनलाइन भरला. तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे 100 रुपये पडायचे. म्हटलं, झालं.

आठव्या दिवशी अर्ज परत. ‘जागेच्या ताब्याचा पुरावा जोडा.’ अहो, वीजबिल जोडलं होतं की! पण ते सासऱ्यांच्या नावावर. कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "मालकांचं संमतीपत्र आणा." म्हटलं, मालक चार वर्षांपूर्वी वारले. "मग वारसांचं." दीर नाशिकला, नणंद नागपूरला, दोघांच्या सह्या यायला तीन आठवडे गेले. अर्ज पुन्हा परत, सही अस्पष्ट. स्वच्छ स्कॅन करून टाकला, तर फिरून तोच पहिला शेरा: मालकांचं संमतीपत्र. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या खेपेला सासूबाईच सोबत आल्या. खिडकीत वाकून म्हणाल्या, "साहेब, ते वर गेलेत. सही आणायला कुणाला धाडू?" आतल्या एक बाई हसल्या. "आजी, मिळकतकर कुणाच्या नावावर येतो?" सासूबाईंच्याच! दोन महिने ती पावती आमच्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली पडलेली. ती आणि त्यांचं संमतीपत्र जोडलं. चौथ्या दिवशी नोंदणीचा 14 आकडी नंबर हातात.

तेव्हा आधी कपाट उपसा, मग फॉर्म उघडा. आणि हो, व्यवसायाच्या प्रकारात घरगुती डबेवाल्यांचा वेगळा पर्याय असतो. मी घाईत किरकोळ विक्रेता निवडलं होतं. पाकिटावर ‘मधुमेहावर गुणकारी’ वगैरे छापू नका, रोग बरा करण्याचा दावा कायद्यात बसत नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं शुगरवालीच, तो भाग वेगळा. मी छापलं ते एवढंच: पाऊस ओसरल्यावर काळ्या रानात पेरलेली, जमिनीतल्या ओलीवर वाढलेली ज्वारी. भातासारखं साचलेलं पाणी तिला लागत नाही, कडबा गुरांच्या पोटात जातो. यावर अजून तरी कुणी शेरा मारलेला नाही.

आता वीजबिलावरचं नाव बदलायला टाकलंय. त्या खिडकीवर पहिलं काय मागितलं? आधीच्या ग्राहकाची सही.