चपटा गेम

आज भाचा आला होता. लॅपटॉपवर 'हॉलो नाइट' हा गेम लावून दिला, तर दोन मिनिटांत म्हणतो, "मामा, हा तर चपटा आहे! कॅमेरा फिरतच नाही." त्याच्या लेखी टूडी, म्हणजे सपाट चित्रांचा गेम, म्हणजे मोबाइलवर फुकट मिळणारा टाइमपास. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, जाहिराती ग्राफिक्सच्याच बघत वाढलाय.

मग १९८५चा मारिओ काढला. त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. अख्खा गेम ४० केबीत बसवायची काटकसर! (मला आईची फोडणीची पोळी आठवली.) स्वारी जरा गप्प झाली. पण पहिल्याच खड्ड्यात सात वेळा पडला. "बटणंच खराब आहेत," म्हणे. जेवायला हाका मारल्या तरी उठेना.