सातव्या वर्षाचा खंड

मागच्या जुलैत आजोळी गेले होते, वेंगुर्ल्याच्या अलीकडे गाव आहे आमचं, आणि तारेवर माड पडला म्हणून तीन दिवस लाइट नव्हती. मोबाइल बंद, पाऊस असा की खळ्यात पाय ठेवायची सोय नाही, आणि जवळ पुस्तक एकच, डायना विन जोन्सचं 'फायर अँड हेमलॉक', १९८५ चं. आजी चुलीत फणसाच्या आठळ्या भाजत होती, तिने विचारलं, "काय वाचतस गो इतक्या?" म्हटलं स्कॉटलंडातली जुनी गोष्ट आहे, ती घेऊन या बाईने आजच्या काळातली कादंबरी लिहिलीय. मग कादंबरी राहिली बाजूला, मी तिला ती जुनी गोष्टच सांगितली, टॅम लिनची.

गोष्ट म्हणजे खरं तर गाणं आहे, रॉबर्ट बर्न्सकडून आलेला त्याचा पाठ १७९६ मध्ये छापला गेला आणि मी सांगितलं ते साधारण त्यालाच धरून. दक्षिण स्कॉटलंडात सेल्कर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या दोन नद्या मिळतात तिथे कार्टरहॉ नावाची जागा आहे, खरीखुरी, नकाशात सापडते. तिथे पोरींनी जायचं नाही, टॅम लिन असतो. जॅनेट जाते, विहिरीजवळचा गुलाब तोडते, तो येऊन विचारतो मला न विचारता इथे कशी आलीस, तर ती म्हणते कार्टरहॉ माझं आहे, मला बापाने दिलंय. तो मूळचा माणूसच, घोड्यावरून पडला तेव्हा त्या लोकांच्या, म्हणजे इंग्रजीत ज्यांना फेअरी म्हणतात त्यांच्या, राणीने उचलून नेलेला. पुढे जॅनेटला दिवस जातात, आणि तो तिला सांगतो की ही मंडळी दर सात वर्षांनी नरकाला खंड भरतात, यंदा खंडात मीच जातो की काय अशी भीती वाटते. (मूळ शब्द तिकडच्या चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाचा आहे, पण मी खंड म्हटलं आणि आजीला पुढे काही समजवावं लागलं नाही, तिच्या लहानपणी घरातून खोताकडे भात जायचं.)

हॅलोविनच्या मध्यरात्री त्यांची स्वारी निघते. तो तिला बजावतो, काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरच्याला खाली ओढ आणि काही झालं तरी सोडू नको. ती धरते, तो तिच्या हातात साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेली लोखंडी सळई होतो, शेवटी निखारा, तो निखारा ती विहिरीच्या पाण्यात टाकते आणि त्यातून उघडा माणूस वर येतो, त्याला ती आपल्या हिरव्या शालीत झाकते. राणी चिडून त्याला म्हणते, हे आधी कळतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते.

आजीने आठळी फोडता फोडता विचारलं, "तिना सोडल्यान नाय मा?" म्हटलं नाही. "मगे झाला." आणि जरा वेळाने, "पण जमीन कोणाची गो ती?"

हे गाणं मी कॉलेजपासून किती वेळा वाचलंय, आणि बापाने दिलंय ही ओळ दर वेळी नुसती वाचून पुढे गेलेय. आजी बरोबर तिथेच थांबली. आमच्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर असला तरी जागेवाला, म्हणजे जागेचा राखणदार, वेगळा आहे हे तिच्या दृष्टीने सांगायची गोष्टच नाही, कुंपणाच्या कोपऱ्यात काजऱ्याच्या झाडाखाली त्याचा दगड आहे, दर वर्षी राखण, म्हणजे त्याचा मान, द्यायची, नवीन काही खणायचं तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि रात्रीचं त्याचं नाव काढायचं नाही. मालक दोन आहेत, एक कागदावरचा आणि एक त्याच्याही आधीचा, आणि दोघांचं जमवून घेऊन राहायचं.

आणि आयर्लंडच्या जुन्या कथा अगदी हेच सांगतात! तुआथा डे डॅनन म्हणजे तिथे आधी राहणारे, नंतर माणसं आली, लढाई झाली, आणि वाटणी अशी झाली की जमिनीच्या वरचं माणसांचं आणि खालचं त्यांचं. ते टेकड्यांत, जुन्या थडग्यांच्या उंचवट्यांत गेले, त्या उंचवट्यांनाच शी म्हणतात आणि त्यांनाही तेच नाव पडलं. आपण मराठीत परी म्हणतो आणि लगेच पंख आणि छडी डोळ्यांसमोर येते, त्या शब्दाने फार घोटाळा केलाय असं माझं मत आहे. राखणदार म्हटलं असतं तर आपल्या लोकांना चटकन कळलं असतं. तिथेही त्यांचं नाव थेट घेत नाहीत, 'चांगली माणसं' म्हणतात. तिथेही लोखंड चालत नाही त्यांना, बाळ एकटं असेल तर पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे, आणि माझ्या मामेभावाच्या उशाखाली आजीने अडकित्ता ठेवलेला मी स्वतः बघितलाय. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथल्या एका हॉथॉर्नच्या झाडावरून मोठा रस्ता जाणार होता, एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने हे त्या लोकांचं झाड आहे म्हणून जोरात आवाज उठवला, आणि झाड राखून रस्ता केला. आमच्या हायवेच्या चौपदरीकरणात किती झाडं गेली ते आठवून मी ती बातमी दोनदा वाचली होती.

तर या कथांवरच्या कादंबऱ्या वाचताना आता मी जमीन कोणाची हा आजीचाच प्रश्न घेऊन बसते. एलन कुशनरचं 'थॉमस द राइमर' (१९९०, पुढच्या वर्षी त्याला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं) त्यात पक्कं उतरतं. थॉमस गवई, तो राणीबरोबर सात वर्षं जातो, तिकडे राणीशिवाय कोणाशी बोलायचं नाही, आणि परत येतो तो खोटं बोलूच न शकणारी जीभ घेऊन. चार जण सांगतात ही कादंबरी. राणीच्या राज्यातला भाग मला जरा लांबलेला वाटला, पण सुरुवातीला गॅविन आणि मेग या म्हाताऱ्या जोडप्याचं डोंगरातलं घर आहे ना, तिथे पावसातून तो दारात येतो, ते वाचताना घराचा वास येतो. आणि शेवटचा भाग त्याच्या बायकोचा, एल्स्पेथचा. सात वर्षं कुठे होता हे धड सांगता न येणारा नवरा परत आल्यावर त्याच्यासोबत संसार कसा होतो हे चाकरमान्यांच्या गावात वाढलेल्या कोणालाही आतून कळेल. पामेला डीनचं 'टॅम लिन' (१९९१) मिनेसोटातल्या कॉलेजात घडतं, पानंच्या पानं हॉस्टेल, नाटकं, कविता, ती मंडळी उघडपणे दिसतात अगदी शेवटी. माझ्या मैत्रिणीने अर्ध्यात सोडलं. मला ते आवडलं, पण तिथली माती मात्र मला लागली नाही, मुलं चार वर्षांसाठी येतात आणि जातात, जॅनेटने माझं म्हणून सांगावं अशी जमीन कुठे दिसली नाही.

एक मात्र मनापासून खटकतं, अलीकडच्या पुष्कळ पुस्तकांत ही मंडळी नुसती देखणी राजपुत्रमंडळी होऊन बसलीत, भीती गेलीच. १८९५ मध्ये टिपरेरीत ब्रिजेट क्लिअरी नावाच्या २६ वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं, ही माझी बायको नव्हे, त्या लोकांनी बदलून ठेवलेली आहे म्हणून. आजारी होती ती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भगताकडे केस धरून बसवलेल्या बायका आल्या, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडावं लागलं. राखणदारावर माझी माया आहे, आजीची सगळी गाऱ्हाणी मला पाठ आहेत, तरीही हे विसरून या विषयावर लिहू नये, कादंबरी असली तरी.

'फायर अँड हेमलॉक' संपलं तिसऱ्या दिवशी. (पुढे शेवट सांगतेय, वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) त्यात पॉली नावाची मुलगी आहे, टॉम लिन आहे, आणि सगळं जॅनेटसारखं धरून ठेवायच्या दिशेने चाललंय असं वाटत असताना जोन्सबाई गाणंच उलटं करतात, त्याला वाचवायचं तर पॉलीला त्याला सोडावं लागतं, तेही त्याला खरोखर लागेल असं बोलून. शेवटची पानं मी तीन वेळा वाचली तेव्हा कुठे धागा लागला, आणि अजूनही नक्की कसं घडतं ते मला पूर्ण मांडून दाखवता येणार नाही. आजीला सांगितलं तर तिला नाही पटलं. "सोडूक कित्याक व्हया?" म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली.

लाइट आली त्याच संध्याकाळी मामा कुडाळहून आला. कोपऱ्यातले पंधरा गुंठे विकायचं चाललंय हे मला तेव्हाच कळलं, काजऱ्याचा कोपरा त्यातच येतो. गिऱ्हाईक बाहेरचं आहे, बंगला बांधणार. मामा किंमत, मोजणी, रस्ता सगळं सांगत होता, आजी ऐकत होती, आणि त्याचं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "राखण कोण देतलो?"

मामा म्हणाला आई, खरेदीखतात असं काही नसतं.

"मगे लिव तसा कागदार."

मामा काही बोलला नाही. या वर्षीची राखण आजीनेच दिली, मी नारळ घेऊन सोबत गेले होते. मोजणीवाल्यांनी ठोकलेली लोखंडी खुंटी दगडापासून हातभर अंतरावर होती, ती तिने मला उपटून बांधाच्या पलीकडे ठेवायला लावली.